झाकलेल्या काचा

"या चिकटपट्ट्या कुणी लावल्या?" घारीने काचांचा ट्रे परत सरकवला. "लेबलच दिसत नाही."

"तसंच ठरलंय, बाई," सर म्हणाले. "कुठली काच कसली, ते मोजणाऱ्याला कळता कामा नये."

मायक्रोस्कोपखाली नजरेतून एक पेशी सुटत नाही म्हणून प्रयोगशाळेने तिला घार ही पदवी बहाल केली होती, आणि ती मिरवायचीही. आजारी उंदरांपैकी काहींना सरांचं नवं औषध मिळे, काहींना नुसतं पाणी. मग त्यांच्या मेंदूचे पातळ काप काचेवर घेऊन किती पेशी जिवंत राहिल्या, ते तिने मोजायचं. औषधाच्या काचांवर पेशी नेहमीच जास्त भरत आल्या होत्या. सरांचं नाव झालं ते त्यावरच. पण दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेने तोच प्रयोग केला, तर तिथे फरक काही दिसेना. एकमेकांची उणीदुणी काढण्यापेक्षा दोघांनी हातमिळवणी केली. दोन्हीकडच्या नव्या काचा एकत्र करून झाकायच्या आणि दोन्हीकडच्या मोजणाऱ्यांनी त्याच काचा स्वतंत्रपणे मोजायच्या. तिकडची मोजणारी बाई सकाळीच येऊन शेजारच्या खोलीत बसली होती.

"म्हणजे माझ्यावर विश्वास नाही?"

"आहे ना. म्हणून तर बिनघोर हो म्हणालो."

हे ऐकून तिला घरचा आजारी दादा आठवला. थरथरत्या हातांनी चहाचा कप धरून दादाने आजच विचारलं होतं, "काय गं, तुझं औषध माणसांपर्यंत कधी येणार? का मी आधी उंदीर होऊ?" उंदरांना होता तोच आजार त्यालाही होता. "येतंय रे," ती म्हणाली होती. दोन वर्षं ती हेच म्हणत होती आणि तो त्या भरवशावर हसत होता.

पहिल्याच काचेवर ती अडली. कडेची एक पेशी अर्धीमुर्धी विरलेली. जिवंत म्हणावी तर जिवंत, नाही तर नाही. अशा पेशी तिला नव्या नव्हत्या, मग आजच हात का थांबावा? तिने सवयीने काचेच्या कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे चिकटपट्टी होती.

म्हणजे इतकी वर्षं ती आधी लेबल बघत होती! काच औषधाची असली की अशी पेशी पदरात घ्यायची, पाण्याची असली की सोडून द्यायची. मुद्दाम नव्हे, अगदी मुद्दाम नव्हे. पण घेत होती हे खरं. तरी तिने सगळ्या काचा मोजल्या.

दुपारी पट्ट्या निघाल्या. "आपले आकडे जुळले की, ताई!" पाहुणी बाई आनंदाने म्हणाली आणि सरांचा चेहरा पाहून गप्प झाली. दोघींच्याही मोजणीत औषध आणि पाणी यांत फरक नव्हता.

"उंदरांची ही खेपच वेगळी असेल," सर घाईघाईने म्हणाले. "जुन्या काचांत फरक होता. बाई, तुम्हीच मोजल्यात ना? सांगा यांना."

नुसतं हो म्हणायचं होतं. सरांचं नाव राहिलं असतं, तिचं राहिलं असतं, दादाही उद्या हसला असता.

"सर, जुन्या काचा पुन्हा मोजायला हव्यात."

"मोजा की. पट्ट्या लावून देतो."

"मी नको. झाकल्या तरी ओळखेन, माझ्याच हातच्या आहेत. यांना द्या."

सरांनी जुन्या काचांच्या कपाटाची किल्ली तिच्याकडे न बघता टेबलावर ठेवली.

तिने एकेक काच कापसात गुंडाळून खोक्यात भरली. पाहुण्या बाईने विचारलं, "कडेच्या पेशींचं काय करायचं?"

"ते तुम्ही ठरवा," घार म्हणाली. "मी सांगितलं तर पुन्हा माझाच डोळा होईल."

घरी दादा खिडकीशी बसला होता. चपलाही न काढता ती त्याच्यासमोर बसली. "दादा, त्या औषधाचं काही खरं दिसत नाही. माझ्याच मोजण्यात चूक होती."

तो बाहेर बघत राहिला. अंधारून आलं होतं.

"दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी मानलं नसतं," तो म्हणाला आणि दिवा लावायला उठला. थरथरत्या बोटांना बटण सापडेना. ती उठली नाही. मदत केलेली त्याला आवडत नसे.