अंडीवाली शेवंड

वेणूला सातव्या महिन्यात शेवंडीचे डोहाळे लागले आणि बळीरामच्या जिवाला घोर लागला. एरवी बायकांना चिंचा-कैऱ्या खाव्याशा वाटतात. ही पडली समुद्रकाठच्या करंजा गावची, बुडी मारून शेवंडी काढणाऱ्या बापाची लेक. ती काय चिंचेवर भागवणार? शेवंड म्हणजे काटेरी पाठीची, हातभर मिशांची, कोळंबीची थोरली आत्याच म्हणा! वेणूला आई नव्हती. डोहाळे पुरवायचे ते बापानंच. पनवेलला खांदा कॉलनीत सासरी तिला कशाची कमी नव्हती, पण रोज फोनवर एकच प्रश्न, "आबा, गावली का?" आणि आबाचं रोज एकच उत्तर, "उद्या."

समुद्रात शेवंडी नव्हत्या असं नाही. पण बळीरामनंच वाडीत कायदा करून ठेवला होता. वीतभर नसेल ती सोडायची. पोटाखाली अंडी असतील ती सोडायची. सरकारही तेच सांगतं, पण सरकार काही कपारीत डोकावायला येत नाही. बळीराम यायचा. तिथलं पाणी इतकं गढूळ की आपला हात आपल्याला दिसत नाही. म्हणून कपारीत शेवंड धरली की अंगठा तिच्या पोटाखालून फिरवायचा, दाणेदार लागलं की सोडून द्यायची. आणि जो अंडीवाली काठावर आणेल त्यानं धक्क्यावर चारचौघांत तसं बोलायचं आणि पंधरा दिवस पाण्यात उतरायचं नाही.

गेल्या वर्षी वाडीतल्याच दादूनं आणली होती. "चुकून आली रं," असं बिचारा परोपरीनं सांगत होता. बळीराम ऐकतोय कसला! "पोटाखाली हात फिरवाया काय धाड भरली व्हती?" असं त्यानं सगळ्यांदेखत विचारलं. दादूनं पंधरा दिवस काढले, पण बळीरामशी बोलणं सोडलं ते सोडलंच.

यंदा हाताला लागेल ती अंडीवाली. शेवटी रविवारी भल्या पहाटेच्या ओहोटीला बळीरामच्या हाती एक दणदणीत शेवंड लागली. जावयानं, निनादनं, काटे टोचू नयेत म्हणून त्याला जाड रबरी हातमोजे दिले होते. जावयाचं मन कशाला मोडा, म्हणून त्या दिवशी ते त्यानं घातले होते. अंगठा फिरवला. गुळगुळीत लागलं. बळीरामला आनंदानं आभाळ ठेंगणं झालं. ओल्या गोणपाटात शेवंड गुंडाळली, बादलीत ठेवली आणि तसाच तो एसटीनं पनवेलला आला.

विहीणबाई आशालता मोठ्या हौशी. त्यांनी खोबरं वाटून तयारच ठेवलं होतं. वेणूनं गोणपाट सोडलं, शेवंड हातात घेतली, उलटी केली आणि तिचा चेहरा उतरला.

"आबा, ही अंडीवाली हाय."

पोटाखाली नारिंगी अंड्यांचा गच्च घोस. जाड रबरातून अंगठ्याला ते कळलंच नव्हतं.

"असू दे हो," आशालताबाई म्हणाल्या, "इथे स्वयंपाकघरात कोण बघतंय? डोहाळे अडवले तर बाळाचे कान फुटतात म्हणे."

खोटं कशाला सांगू, बळीरामच्याही मनात तेच आलं. कुणाला कळणार होतं? लेक समोर उभी, तोंडाला पाणी सुटलेलं. शेवंड जिवंत होती, मिशा हलवत होती. हातमोज्यांवर खापर फोडावं तर जावई दारात उभा. आणि दादूनंसुद्धा 'चुकून' असंच म्हटलं होतं ना? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

"परत न्यायला पायजे," तो कसाबसा म्हणाला. "वेणू, माज्यावर राग धरू नको."

वेणूला रडू फुटलं. मनसोक्त रडली, नाक पुसलं आणि म्हणाली, "मग मी पण येते." सातव्या महिन्यात कुठे निघालीस, म्हणून आशालताबाई ओरडल्या आणि पाठोपाठ स्वतःही गाडीत येऊन बसल्या. गाडी निनादनं काढली.

करंज्याला पोचेपर्यंत पाणी चांगलंच चढलं होतं. धक्क्यावर आठ-दहा माणसं होती, त्यात दादू. बळीराम पायऱ्या उतरला, कमरेइतक्या पाण्यात गेला आणि शेवंड सोडली. शेपटीचा एक फटका मारून ती गेली. मग तो वर आला.

"मी अंडीवाली आणली व्हती."

"मोठ्यानं बोल," दादू म्हणाला. "नाय आयकू आलं."

अख्ख्या वर्षात दादू त्याच्याशी बोललेले हे पहिले शब्द. बळीराम मोठ्यानं बोलला. लोक हसले. कुणीतरी शिट्टीही मारली. बळीरामची मान वर होईना.

दादू मात्र हसला नाही. तो वेणूकडे बघत होता. "तू कशापायी आलीस ग एवढ्या उन्हाची?"

"मला खायची व्हती, काका," वेणू म्हणाली आणि पुन्हा रडवेली झाली. "आता आबा पंधरा दिवस उतरणार नायत."

दादूनं सदरा काढला.

"दादू, भरती हाय," बळीराम म्हणाला.

"माहीत हाय मना. तू गप बस तिथं."

बळीराम बसला. जन्मभर पाण्यात राहिलेला माणूस. काठावर बसून वाट बघणं काय असतं ते त्याला तेव्हा कळलं. दादू बुडी मारी आणि इकडे बळीरामचा श्वास अडके. पहिल्या बुडीनंतर दादू ओरडला, "अंडीवाली! सोडली!" दुसऱ्या बुडीनंतर "पोरगी हाय, वीतभर नाय! सोडली!" तिसऱ्या बुडीला फारच वेळ लागला. आशालताबाईंनी देवाचं नाव घेतलं. मग दादूचं डोकं वर आलं आणि डोक्यावर उचललेला हात. हातात शेवंड.

तो निथळत वर आला आणि थेट वेणूपाशी गेला. बळीराम उठला. "दादू, गेल्या वर्षी मी तुला सगळ्यांम्होरं..."

"बरोबरच बोल्लास. चूक माजी व्हती," दादू म्हणाला. "पर तू येकदा घरी येऊन चा पिऊन गेला असतास, तर तुजं काय जात व्हतं?"

बळीरामचे डोळे भरून आले.

"आज येतो," तो म्हणाला.

"नुसता तू नको येऊस, सगळीच चला," दादू म्हणाला. "पोरीला पनवेलपर्यंत धीर निघनार हाय का?"

वेणू कधीच त्याच्या घराच्या वाटेला लागली होती.