डिझेलच्या टाकीतला ड्रायव्हर

“हुस्स!”

डिझेलच्या टाकीतून लांबलचक आवाज आला आणि चढावर जमलेली माणसं दोन पावलं मागे सरली. कुणी कानाला हात लावले, कुणी चपला काढल्या. काळूराम भगताने टाकीचं झाकण दोन्ही हातांनी वर धरलं नि डोळे गरगरा फिरवले.

“गेला! ऐकलात ना? मेलेला ड्रायव्हर होता. इंजिनासंगं आला नि टाकीत बसला. डिझेल पीत होता मेला!”

डिझेल पिणारं भूत! आजच्या भावात भुताला तरी कसं परवडतं कोण जाणे. पण हसायची सोय नव्हती. यमाजीने इंजिनाकडे डिझेल खेचणारा हातपंप मारला, स्टार्टर दिला आणि विटांनी भरलेला त्याचा ट्रक धडधडत सुरू झाला. मग काय, नुसता जयजयकार!

माधुरी केबिनमधून हे बघत होती. ती इथल्या उपकेंद्रातली नर्स. शहापूरहून औषधं घेऊन येताना यमाजीच्या ट्रकात बसली होती. सकाळपासून उभं राहून पाय सुजलेले, आणि असले खेळ बघून बघून जीव इतका कंटाळलेला की आधी तिने डोळेच मिटले.

ट्रकचं जुनं इंजिन दिवाळीत कायमचं बंद पडलं होतं. संजू मेकॅनिकने एका अपघातातल्या ट्रकचं इंजिन आणून बसवलं आणि त्याच वेळी डिझेलचे कुजके पाईप काढून नवे, घट्ट पाईप घातले. तेव्हापासून पंपावर टाकी काठोकाठ भरून मुरबाडकडे निघालं की ट्रक याच चढावर, धोंडीबाईच्या झोपडीसमोर बंद. भगत यायचा, मंत्र पुटपुटायचा, झाकण उघडायचा, हुस्स व्हायचं, ट्रक सुरू. मग झाकणावर तेलात कालवलेला शेंदूर थापायचा, कोंबडा काखेत मारायचा आणि चालू पडायचा.

आज मात्र कोंबड्यावर भागलं नाही.

“भूत इथंच का येतं? कुनीतरी बोलावतंय त्याला!” भगताचं बोट झोपडीकडे गेलं. “हीच ती भुताळी!”

साप चावलेल्या नातवाला धोंडीबाईने भगताकडे न नेता दवाखान्यात नेलं होतं. पोरगा वाचला. भगताच्या डोळ्यांत ते तेव्हापासून खुपत होतं.

“हाकला तिला पाड्याबाहेर!” कोणीतरी ओरडलं. उचलली जीभ लावली टाळ्याला! दोन बायांनी तर तिची भांडी अंगणात भिरकावलीसुद्धा. धोंडीबाई दाराला घट्ट धरून उभी होती. “मी कुठं जाऊ रे? माझं घर हाय हे!”

माधुरीला आता संताप आवरेना. ती खाली उतरली.

“तिला हात लावाल तर पोलिसांत जाईन. जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे, ठाऊक आहे ना? यमाजीकाका, गाडी इथंच उभी राहू दे, रेस देत राहा. भगत, भूत गेलंय ना? मग गाडी बंद पडायची नाय.”

“नाय म्हंजे नाय!” भगताने छाती ठोकली.

धोंडीबाईला माधुरीने शेजारी बसवलं, ट्रककडे पाठ करून; म्हणजे हिनेच नजर लावली असं कुणाला म्हणता येऊ नये. बराच वेळ इंजिन धडधडलं. मग खोकल्यासारखं अडखळलं आणि बंद पडलं.

“परत आला! लई चिवट!” भगत ओरडला.

“आला कुठून? झाकण तुमीच लावलंत.” माधुरीने औषधाची रिकामी प्लास्टिकची पिशवी यमाजीकडे दिली. “हळूच झाकण काढा नि लगेच ही तोंडावर धरा. भूत बाहेर पडलं तर पिशवी फुगेल.”

यमाजीने झाकण सैल केलं. हुस्स! पिशवी फुगली नाहीच. सपकन टाकीच्या तोंडात ओढली गेली.

“बघा. बाहेर कुणी आलं नाय, हवा आत गेली.” तिने झाकण पुसलं आणि सुईने खरवडलं. वाळलेला शेंदूर गळून पडला नि एक बारीक भोक दिसलं. “सलाईनच्या बाटलीला मी वरून सुई टोचते ना? हवा आत गेली नाय तर सलाईन उतरत नाय. टाकीचंही तेच. डिझेल जातं तेवढी हवा यायला हवी. भोक शेंदराने बुजलं. त्यात टाकी काठोकाठ, म्हणजे वर हवा थोडकीच. मग इंजिनाला डिझेल ओढता येत नाय.”

“पन पूजेचा शेंदूर तर मीबी पयल्यापासून लावतोय गो,” यमाजी म्हणाला. “तवा नाय बंद पडली?”

“तेव्हा पाईप कुजके होते. टाकीवर त्यांचा सांधा सैल असणार, तिथून हवा आत जायची. संजूने काम चोख केलं, ती फट गेली.”

पुन्हा ट्रक सुरू झाला. लोक वाट बघून दमले, इंजिन दमलं नाही. भगत कोंबड्यासकट कधी पसार झाला ते कुणाला कळलंच नाही.

“बरं झालं,” म्हणत माणसं पांगू लागली. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालेली हीच माणसं! त्यातला एकजण घुटमळला. “पन नर्सबाय, गाडी तिच्याच दारात का अडायची?”

“कारण चढ तिच्या दारात आहे! चढावर इंजिनाला डिझेल जास्त लागतं.”

तेवढ्यात धोंडीबाई हळूच म्हणाली, “बाय, उद्या कुनाची म्हैस मेली तर?”

पांगणारी माणसं थबकली. माधुरीला एकदम फार थकल्यासारखं झालं.

“ऐकलंत? दरवेळी मी इथं नसेन. गाडी अडली तर मेकॅनिक बोलवा, म्हैस आजारी पडली तर जनावरांचा डॉक्टर. तरी कारण सापडलं नाय, तर ‘माहीत नाय’ म्हणा. त्यात लाज कसली? पण आपल्याला माहीत नाय म्हणून एका बाईचं घर मोडू नका.”

दोन बाया मान खाली घालून निघाल्या, तशी माधुरीने त्यांना हाक मारली.

“रत्ना, बाईजा, इकडं या. भांडी तुमी फेकलीत, तुमीच उचला.”