गच्चीवर आखलेली बोट

आश्विनातल्या कोवळ्या उन्हात ऑइलपेंटचा उग्र दर्प, आणि त्या दर्पाच्या मधोमध पदर कमरेला खोचून ओणवी झालेली कुसुम: माझ्या बायकोचं हे चित्र अकोल्याच्या आमच्या गच्चीला असं चिकटलं आहे की तिथे आता दुसरं काही दिसतच नाही. फाटकाला लावून उरलेल्या हिरव्या रंगाने ती फरशीवर एक बोट आखत होती. शिडाची, पूर्ण मापाची. तिच्या तेल्हाऱ्याच्या माहेरी पाणी म्हणजे विहिरीतलं, आणि तेही वैशाखात तळाला गेलेलं. समुद्र तिने जन्मात पाहिला नव्हता.

बोट आमच्या लेकीची. वैदेही स्कॉटलंडमध्ये नोकरीला. तिथलं घरभाडं परवडेना म्हणून तिने बंदरात बांधलेली एक जुनी बोट घेतली आणि अख्खा हिवाळा तिच्यातच काढायचं ठरवलं. तिकडे ती शीड उतरवत होती, वर ताडपत्री ताणत होती, फटी बुजवत होती, इवलीशी शेगडी बसवत होती. आणि इकडे फोनवर एकेक माप विचारून घेत कुसुम शिंप्याच्या टेपने तीच बोट माझ्या डोक्यावर बांधत होती. आधी रांगोळीने आखली, ती वाऱ्याने नेली. मग गेरूने, तो परतीच्या पावसाने धुतला. म्हणून ऑइलपेंट. मी भूगोलाचा मास्तर. उभा जन्म पोरांकडून नकाशे काढून घेतले, पण नकाशात राहायला जाणारं माणूस घरातच निघेल असं वाटलं नव्हतं.

कपडे वाळत घालायला गेलो की खालून नाही, वरून नाही, थेट कानाशी तिचा आवाज यायचा, "अवो, भितीवरून काहून चालून राहिले? दारातून या. अन् वाका, दार बुटकं आहे." मी मुद्दाम ती रंगाची भिंत तुडवत जायचो. खरं सांगतो, त्या दिवसांत मला तिचा मनस्वी संताप यायचा.

निजायची जागा बोटीच्या नाकाकडे, म्हणून त्रिकोणी. कुसुमने त्या त्रिकोणात स्वतः आडवं होऊन पाहिलं, पाय कोनात, डोकं रुंदीकडे, आणि माहेरहून रुई मागवून गादी भरणाऱ्याला वर बोलावलं. तो बिचारा बराच वेळ फरशीकडे बघत राहिला. "काकू, तीन कोन्याची गादी मी जिंदगीत भरली नाई. याच्यात माणूस निजते का समोसा?" मी मोठ्याने हसलो. ती हसली नाही. समुद्रावरची हवा दमट असते, कापूस ओल धरतो, हे मी तिला वर्गात सांगावं तसं तीनदा सांगितलं. "कापसानं आजवर कोनाले थंडी वाजू देली?" एवढंच तिचं उत्तर. मी हात टेकले आणि गादी कुरिअरने रवाना झाली.

दिवाळीनंतर वैदेहीचा फोन आला. बोलताना मधे मधे खोकत होती. "आई, रात्रभर माझाच श्वास छताला लागून पाणी होतो, आणि तुझी गादी ते सगळं पिते. खालून बुरशी धरलीय. फेकते आता." मी लगेच म्हणालो, "मी सांगितलं नव्हतं?" आणि किती चवीने म्हणालो! मांडीवरचा टेप कुसुमने बोटांभोवती गुंडाळला, उलगडला, पुन्हा गुंडाळला. तो खोकला तिच्या कानातून जाईना.

सकाळी चहा ठेवताना ती म्हणाली, "फेकू नको म्हना तिले. मी येतो वाळवाले." एसटीने अचलपूर गाठेपर्यंत जिला मळमळतं ती बाई! मी चिडलो, ओरडलो, तुझं डोकं फिरलं म्हणालो. ती शांतपणे म्हणाली, "तुमची बी जागा मोजली आहे. डाव्या अंगचं बाकडं. एकडाव पडून त पाहा." मी पडून पाहिलं नाही. एकटी गेली.

आता तिकडून फोन येतो तो शेगडीच्या धगीसारखा उबदार आवाज घेऊन. "कापसाच्या गंजीखाली तुरीच्या वाळल्या तुराट्या टाकतो ना आपन, तशा लाकडाच्या पट्ट्या ठोकल्या गादीखाली. वारा खेळते आता. रोज उभी करून शेगडीपाशी शेकतो. पोरीचा खोकला गेला." माझ्या सगळ्या भूगोलात त्या तुराट्या कुठेच नव्हत्या.

पौषातलं ऊन गच्चीवर उतरतं तेव्हा मी वर्तमानपत्र घेऊन वर जातो. हिरवा रंग कुठे कुठे उडाला आहे. पण भिंत माझ्याच्याने ओलांडवत नाही. दारापाशी येतो आणि मोकळ्या आभाळाखाली मान वाकवून आत शिरतो. समोरच्या गच्चीवरून तीळ वाळवणाऱ्या बाया बघतात. बघोत. काल त्या डाव्या अंगच्या बाकड्यावर आडवा झालो. टाच शेवटच्या रेषेला लागली आणि डोकं पहिल्या रेषेला. बोटभर कमी नाही, बोटभर जास्त नाही. दुपारच्या झोपेत कधीतरी तिने मला मोजून घेतलं असणार. इतकी वर्षं एका घरात, एका भिंतीला लागून निजलो, आणि तिच्यासाठी किती जागा आखायची हे कुणी विचारलं तर मला सांगता येणार नाही.