हातोडी न लागलेला अंगठा

आमच्या सुताराला एकाच गोष्टीचा गर्व होता. उभ्या आयुष्यात त्याने स्वतःच्या अंगठ्यावर हातोडी मारून घेतली नव्हती. गिऱ्हाईक कपाटाचा भाव विचारी, हा आधी अंगठा दाखवी.

त्यामुळे डाव्या अंगठ्याच्या नखात काळी रेघ उमटली, तेव्हा कारखान्यात आनंदीआनंद झाला.

“लागली ना शेवटी?” पॉलिश मारणारा मेहुणा म्हणाला.

“लागली असती तर मला कळलं नसतं?”

“कळलं असेल हो भाऊजी. सांगवत नसेल.”

रेघ रुंद होत गेली. नखाच्या मुळाशी कातडीवरही काळं उतरलं. दुखत मात्र काहीच नव्हतं. मेहुण्याच्या तोंडाला कंटाळून सुताराने त्वचेच्या डॉक्टरीणबाई गाठल्या. त्याला औषध नको होतं, निकाल हवा होता. बायको सोबत होती. मेहुण्याला साक्षीदार म्हणून आणलं होतं.

“बाई, एवढंच सांगा. हातोडी लागलीय की नाही?”

बाईंनी दिव्याचं भिंग नखाला टेकवलं आणि बराच वेळ काढलं नाही.

“किती दिवस आहे हे?”

“वर्ष होत आलं,” बायको म्हणाली.

“मार असता तर साकळलेलं रक्त नखाबरोबर पुढे सरकून निघून गेलं असतं. ही रेघ मुळापासूनच येतेय. हातोडी नाही.”

सुतार मेहुण्याकडे वळला. “ऐकलंस? बाई, हे जरा चिठ्ठीवर लिहून द्या.”

“देते. पण तुकडा काढून तपासायलाही हवा. त्वचेचा कर्करोग असू शकतो.”

सुताराचा विजय जेमतेम एक वाक्य टिकला.

“पण मी उन्हात जातो कुठे? आणि आमचा रंग तर हा असा पक्का!”

“याला ऊन लागत नाही. सावळ्या कातडीत हा तळपायाला, तळहाताला, नखाखाली लपतो. दुखत नाही, म्हणून कुणी विचारत नाही.”

“अंगठा जाईल का?” बायकोने विचारलं. सुताराने तो केव्हाच मुठीत घेतला होता.

“खोल गेला असेल तर शेंडा काढावा लागेल. वरवर असेल तर नख आणि त्याखालची कातडी, तेवढंच.”

तुकडा तपासायला गेला. रिपोर्ट येईपर्यंत सुतार अंगठ्याशिवाय खिळा धरायला शिकू लागला, दोन बोटांच्या चिमटीत. तिसऱ्याच घावाला हातोडी बोटावर बसली. मेहुण्याने पाहिलं आणि चिडवायचं सोडून तो उठून पाणी घेऊन आला.

रिपोर्ट आला. कर्करोगच होता, पण वरवरचा. नख गेलं, मांडीची कातडी तिथे बसली, अंगठा राहिला.

पट्टी सुटली त्या दिवशी बाईंनी टेबलावर टाचणी ठेवली. “उचला.”

कोपऱ्यात मेहुणा एक बूट काढून स्वतःच्या तळपायाकडे संशयाने बघत होता. बायकोचं लक्ष फक्त टाचणीवर.

एकदा निसटली. दुसऱ्यांदा कलंडली. मग अलगद वर आली.

“छान. आता तपासणीला येत राहायचं, चुकवायचं नाही. आणि टाचणी परत टेबलावर ठेवा, आमची आहे ती.”

तो ठेवीना.