भंडारा लावलेली जीप

"चाकावरनं निवड, म्हाळसे. रंगावरनं निवडलीस तर फसशील. रंग कसाबी देता येतो, पण चाक खोटं पडलं की सगळी गाडी खोटी दिसती."

रामहरी हे सांगायचा तेव्हा त्याच्या हातात शाळेतल्या मुलांचा असतो तसला दोन टोकांचा कर्कटक असायचा. खेळण्यातल्या जीपच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर त्यात धरायचं, पट्टीवर मोजायचं, त्याला चोवीसनं गुणायचं आणि खऱ्या गाडीच्या मापाशी ताडून बघायचं. जुळलं तर ठीक, नाहीतर परत टोपलीत. वीस वर्षं गॅरेजात डेंटिंग करून पाठ गेल्यावर या माणसानं घरी बसून वीतभर गाड्या घडवायला घेतल्या होत्या. एकीची चासी म्हणजे खालचा सांगाडा, दुसरीची दारं, तिसरीचं बोनेट असं जमवून गिऱ्हाइकाला हवी तशी गाडी तयार करायची. ज्यातनं भाग कापून काढायचे ती 'देणारी', ज्यात बसवायचे ती 'घेणारी'. हे शब्दही त्याचेच.

तो गेल्याला दोन वर्षं झाली. आता ते काम त्याची बायको म्हाळसाबाई करत होती, आणि गेल्या वर्षापासून हाताशी तिचा धाकटा भाऊ बिरू होता. बिरूनं पैठणकडची मेंढरं विकून शहर धरलं होतं. कातरीची सवय असलेला त्याचा हात बारीक करवतीवरही चांगला बसला होता.

मार्गशीर्ष लागला की म्हाळसाबाई सहा दिवस खंडोबाचा घट बसवायची. एकवेळ जेवण, पायात चप्पल नाही आणि तोंडातनं वाकडा शब्द नाही. पहिले दोन नेम तिला कधीच जड गेले नाहीत. तिसराही गेला नव्हता, कारण मुळात तिचा आवाज शेजारच्या खोलीत ऐकू जायचा नाही. या वर्षी चौथ्या दिवशी दुपारी ती शहरालगतच्या सातारा गावातल्या खंडोबाला अभिषेक घालून अनवाणी घरी आली, आणि दारातच थांबली.

टेबलावर कचरूभाऊंसाठी घडवलेल्या जीपचं पिवळं छप्पर पालथं पडलं होतं. बाजूला दारं आणि चेपलेलं बोनेट. एक दार बिजागरीतनं निघालं होतं, दुसरं मधोमध चिरलं होतं. चासी नव्हती. चाकं, डावा मडगार्ड, स्टिअरिंग, काहीच नव्हतं.

"बिरू, हे काय?"

बिरू पितळी ब्रशनं करवत साफ करत होता. तो खुशीत होता. "झालं की काम. ते जांभळ्या जीपवाले विश्वजीत आले व्हते, गाडी पायजेच म्हणून बसूनच राहिले. मग तू सांगितली ती कापली. त्यांच्या जीपला चाकं काय बसली म्हणतीस, जणू तिचीच. लई खूश होऊन घेऊन गेले."

"मी कोणती सांगितली?"

"भंडारा लावलेली."

सकाळी निघताना तिनं खरोखरच तसं सांगितलं होतं. पूर्ण झालेली प्रत्येक गाडी ती देवापुढे ठेवून, बोनेटवर भंडाऱ्याचं बोट ओढून मगच मालकाला द्यायची. आणि दारातनं म्हणाली होती, "बिरू, भंडारा लावलेली द्यायची हाय. बाकीच्यांना हात नको लावू."

"आपल्या धनगरवाड्यावर," बिरू आता जरा चाचरत म्हणाला, "कळपातल्या ज्या बकऱ्याला भंडारा लागला तेच द्यायचं असतं ना अक्का? दुसऱ्याला सुरी लावायची नाय. मला वाटलं तू देणारी निवडून ठेवलीस."

म्हाळसाबाई दारातनं आत आली. मोरीत गेली, तांब्यातलं पाणी तोंडात घेतलं आणि गाल फुगवून तशीच उभी राहिली. शब्द आवरत नसला की तिची आई असंच करायची.

कचरूभाऊंनी फुलंब्री ते शहर अशी काळी-पिवळी जीप तीस वर्षं चालवली होती. दर दिवाळीला ते ती रामहरीकडे ठोकून घ्यायला आणायचे, आणि डाव्या मडगार्डवरचा एक खड्डा मात्र ठोकू द्यायचे नाहीत. तो त्यांच्या बायकोनं पाडला होता, जीप शिकताना, एकदाच. पुढे जीप भंगारात गेली, त्याआधी बायको गेली. रामहरी त्यांना म्हणाला होता, तुमची गाडी तुम्हाला परत देतो, वीतभराची का होईना. त्याच्या हातनं बॉडी झाली, मडगार्डवरचा खड्डासुद्धा झाला. राहिलेलं म्हाळसाबाईनं केलं. कचरूभाऊ स्टिअरिंगला लाल दोरा गुंडाळायचे, तर तिनं सुईच्या टोकानं तसाच दोरा गुंडाळला होता. आता त्यांची मुलगी तनुजा त्यांना कायमचं नाशिकला नेणार होती. सटीला, म्हणजे चंपाषष्ठीला, संध्याकाळच्या बसनं. "त्याच्या आत गाडी तुमच्या हातात," असं म्हाळसाबाईनं त्यांना फोनवर सांगितलं होतं. त्याला मधे एकच दिवस उरला होता.

"अक्का, काय तरी बोल," बिरू मोरीच्या दारात येऊन म्हणाला. "शिव्या दे. पण असं फुगून नको उभी राहू."

तिनं पाणी थुंकलं. "घट उठू दे. मग बोलते."

दुसऱ्या दिवशी सकाळी आरती झाली आणि ती क्रांती चौकात विश्वजीतच्या ऑफिसात गेली. त्याचे वडील प्लॉट पाडून विकायचे, तोही तेच करायचा, आणि उरलेल्या वेळात असल्या गाड्या जमवायचा. काचेच्या टेबलावर त्याची जांभळी जीप उभी होती. छप्पर काढलेली, पुढून दबलेली, झगमगीत. तिच्याखाली कचरूभाऊंची चाकं होती आणि आत लाल दोऱ्याचं स्टिअरिंग होतं, डावीकडे तो खड्ड्याचा मडगार्ड होता.

"काकू, तुम्ही कशाला आलात, फोन करायचा ना. चहा घेणार?"

"उपास हाय." तिनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. चूक आमच्या घरची, म्हणाली. पण हे भाग दुसऱ्याच्या गाडीचे आहेत, ते द्या.

"अहो, पण फिटिंग बघा ना काय जमलंय. रविवारी पुण्याला एक्झिबिशन आहे माझं." त्यानं गाडी बोटानं पुढेमागे केली. "मी तुम्हाला दुसरी जीप मागवून देतो. दहा देतो. त्यातनं काढा चाकं."

"दहा नकोत. हीच पायजेत."

"त्या ड्रायव्हरला काय कळणार आहे काकू, कुठली चाकं कुठली ते?"

म्हाळसाबाईनं त्याच्या त्या बोटाकडे बघितलं. तीस वर्षं ज्यानं ती चाकं फिरवली त्याला कळणार नाही, आणि ज्यानं टेबलावर बोटानं ढकलली त्याला कळतंय. तिनं जीभ दाताखाली धरली. तोंडात पाणी असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटून गेलं.

"बरं, मग काढून घ्या," विश्वजीत हसून खुर्चीत रेलला. "निघत असतील तर."

तिनं पिशवीतनं ब्लेड आणि कानस काढली. ती चाकं कुठल्या खिळ्यावर बसलीत, गोंद कुठं आहे आणि कुठं नुसता दाब आहे, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. एकेक चाक टचकन निघालं. स्टिअरिंगला चार फिरक्या लागल्या. डावा मडगार्ड तिनं कडेनं अलगद सोडवला, जांभळ्या रंगाला ओरखडा न लावता. चासी मात्र गोंदानं एकजीव झाली होती, ती तिनं राहू दिली.

"अहो, अहो काकू, काय करताय."

"तुम्हीच म्हणले काढून घ्या."

जांभळी जीप काचेवर पोट टेकून बसली. म्हाळसाबाईनं सगळं रुमालात बांधलं. "सट झाली की घरी या," ती तिच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली. "तुमच्या जीपला दुसरी देणारी निवडून देते. पुण्याच्या आत."

रुमाल मुठीत धरून ती जिना उतरली. राग गेला नव्हता, उलट त्याला आणखी माणसं सापडत होती. तिला रामहरीचा राग आला. बॉडी आणि चासी एकजीव करायची काय गरज होती, स्क्रूवर ठेवली असती तर करवत लावावी लागली नसती. कापायच्या गाडीला 'देणारी' असलं नाव ठेवायची तरी काय गरज होती. आणि मग हे सगळं दुसऱ्याच्या गळ्यात टाकून निघून जायची.

संध्याकाळी तिनं टोपली जमिनीवर ओतली. पस्तीस-चाळीस मोडक्या गाड्या फरशीवर पसरल्या. ती तोंडात पाणी धरून बसली आणि बिरू एकेक पुढे करू लागला. शहागंजच्या बाजारात मिळालेली पत्र्याची पोलीस जीप: कर्कटक लावला, माप कमी, फेकली. प्लास्टिकची हिरवी: माप बरोबर, पण दाराचा पत्रा बोटभर जाड, खऱ्या जीपला तसली दारं लावली तर ती रणगाडा दिसंल. तरी तिची चासी सरळ होती. बाजूला ठेवली. पांढरी रुग्णवाहिका: मागचा भाग नको, पण पुढची दारं पातळ, आणि खिडकीची चौकट बरोबर सुईएवढी. ठेवली. बिरूनं एक चकचकीत काळी-पिवळी टॅक्सी पुढे केली. "रंग तर आयताच हाय अक्का." तिनं त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं ती आपणच मागे नेऊन ठेवली.

दिवे लागेपर्यंत तीन देणाऱ्या निवडून झाल्या. कापताना बिरू प्रत्येक रेघ तिला आधी दाखवायचा, ती मान हलवायची, मगच करवत लागायची.

सटीला दुपारी तळी भरली. भंडारा उधळला, घट उठला, वांग्याचं भरीत आणि रोडग्याचा नैवेद्य झाला. बिरू हात धुऊन तिच्यापुढे मांडी घालून बसला.

"बोल आता."

आणि ती बोलली. आवाज चढला नाही, पण थांबलाही नाही. तुला डोळे आहेत का कवड्या. टोपलीत मोडक्यांचा ढीग पडलेला असताना देवापुढची धडधाकट गाडी उचलताना हात कसा थबकला नाही. समोरचा कोट घालून बसला म्हणून घाई करायची असते का. एक फोन करता येत नव्हता का, देवळात गेले होते, काशीला नाही. मेंढरं कातरताना तू कधी दुसऱ्याचं मेंढरू कातरलंस का. यांनी पाठ मोडलेली असताना पालथं पडून तो खड्डा ठोकला होता, दाभणानं, सात दिवस.

बिरू खाली मान घालून ऐकत होता. सगळं संपल्यावर हळूच म्हणाला, "पण द्यायची हाय, असं तूच म्हणलीस ना."

तसं ती म्हणाली होती खरी. याचाही तिला रागच आला, आणि तो कुणावर काढावा हे मात्र कळेना.

टेबलावर जीप उभी होती. चासी हिरवी, दारं पांढरी, बोनेट कुठल्याशा दुधाच्या टेम्पोचं निळं. छप्पर, मडगार्ड, चाकं आणि स्टिअरिंग तेवढे जुने. सांध्यांवर पुट्टीचे करडे पट्टे होते.

"आता रंग मारला तर हाताला लागंल," बिरू म्हणाला. "दोन दिवस तरी वाळायला पायजे. मी मागनं नाशिकला नेऊन देतो की. असली गोधडी कशी न्यायची?"

"सटीला देते म्हणले होते."

"मग मी जातो फुलंब्रीला. माझी चूक, मी सांगतो त्यांना."

"तू जेव. भरीत गार होतंय."

तिनं काळ्या आणि पिवळ्या रंगाच्या दोन बाटल्या कागदात गुंडाळल्या, वर एक बारीक ब्रश ठेवला. रंग कचरूभाऊच मारतील. जीपच्या बोनेटला तिनं या वेळी भंडारा लावला नाही. बुटाच्या खोक्यात कापूस अंथरला, जीप त्यात बसवली, बाजूला रंगाचं पुडकं खोचलं, झाकणाला दोरी बांधली. पदर खोचला. सहा दिवसांनी चप्पल पायात घातली, ती जरा चावली. बिरू ताटावरनं उठायला लागला तसं तिनं हातानंच त्याला बसवलं आणि खोकं छातीशी धरून फुलंब्रीची बस गाठायला निघाली.