खाली ठेवलेला पेला

नुहाने कॉफीचा पेला ओठाला न लावता समोरच्या तिपाईवर ठेवला आणि पर्समधून रेकॉर्डर काढायला ती वाकली. वर पाहते तो उम्म गालिबचा हात दल्ल्याच्या, कॉफीच्या चोचदार किटलीच्या, कानावर तसाच थांबलेला, आणि तिची सून ताहानी डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडात धरून हसू दाबते आहे.

"बोल," उम्म गालिब म्हणाली. "काय मागायला आलीस?"

नुहाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पाहुण्याने न पिता पेला खाली ठेवला, की त्याला काहीतरी मागायचं असतं आणि यजमानाने 'दिलं' म्हणेपर्यंत तो पीत नाही, हे कुणी तिला नव्याने सांगायला नको होतं. तिची आजी इथलीच, करक जिल्ह्यातली. पण अम्मानमध्ये वाढलेल्या हाताला रेकॉर्डर आधी आठवतो, त्याला काय करणार?

"काही नाही हो, खाला. हात मोकळे करत होते."

"मला वाटलं, आमची मुलगी मागायला आली. भाऊबिऊ आहे का लग्नाचा?"

"आहे. पण दहावीत आहे."

"मग आधी कॉफी पी. तो मोठा होईस्तोवर गार होईल."

नुहा प्यायली. बाहेर बरकात ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. घाटातल्या रस्त्यावर अंधार पडायच्या आत निघायचं, हे तो सकाळपासून ऐकवत होता, आणि हॉर्न ही त्याची बोलण्याचीच एक तऱ्हा होती. नुहाचा पाय तिपाईखाली आपोआप हलायला लागला.

बायकांच्या छातीच्या आजाराबद्दल गावातल्या बायका काय जाणतात, तपासणीला का जात नाहीत, हे तिला विचारायचं होतं. आजाराचं नाव इथे कुणी घेत नाही, 'तो आजार' म्हणतात, म्हणून तीही तसंच म्हणे. तेवढं तिला कळत होतं. अडत होतं ते दुसरीकडेच. मुलाखतीत खोलीत तिसरं माणूस नको, अशी विद्यापीठातल्या मॅडमची सक्त ताकीद होती, आणि घरोघरी सासू, जाऊ, नणंद मांडी घालून बसायच्या. 'सासूच्या आवाजातल्या सुनेच्या मुलाखती मला नकोत,' असं म्हणून मॅडमनी तिच्या बऱ्याचशा मुलाखती बाद केल्या होत्या. हे शेवटचं घर. ही मुलाखत गेली तर वर्षभराचं काम पाण्यात.

"तब्येत कशी असते तुमची?" तिने ताहानीला विचारलं.

"अल्हमदुलिल्लाह," ताहानी म्हणाली.

"अल्हमदुलिल्लाह," सासू म्हणाली.

"आरोग्य केंद्रात कधी दाखवलंय?"

"कशाला दाखवायचं? धडधाकट आहे ती," सासूने परस्पर उत्तर दिलं. "तिथे डॉक्टर पुरुष. तू दाखवशील? बरं, त्या आजाराचं तू विचारतेस, तुझ्यापासून तो लांब राहो, तर तो झाला म्हणजे संपलंच ना सगळं?"

"तसं नाही, खाला. पण आत्ता प्रश्न ताहानीला आहे."

"हो हो. तिलाच विचार." उम्म गालिब जराही हलली नाही. "पण अम्मानला बायका काय करतात मग?"

नुहाने हसून विषय टाळला. ताहानी सारखी सासूकडे बघत होती. भीतीने बघते आहे, असं नुहाने ठरवून टाकलं. पुन्हा हॉर्न वाजला. आता तिला खोलीतला तो जाड गालिचा, ती भिंतीला टेकलेली लोडांची रांग, सगळंच अंगावर यायला लागलं.

उम्म गालिबने पेला पुन्हा भरला. आणि नुहाला सुचलं. सुचलं तेव्हा तिला स्वतःचं कौतुकच वाटलं. तिने पेला घेतला आणि या वेळी मुद्दाम, सगळ्यांना दिसेल असा, तिपाईवर ठेवला.

"खाला, आता मागायचंय."

म्हातारीचा चेहरा उजळला. "माग की!"

"थोडा वेळ मला ताहानीशी एकटीशी बोलायचंय."

उम्म गालिबने तिच्याकडे पाहिलं, मग त्या पेल्याकडे. तो पेला तिथे असताना नाही म्हणायची सोय नव्हती.

"पी," ती म्हणाली. "दिलं."

गुडघ्यावर हात देऊन ती उठली आणि आपल्याच घराच्या बैठकीतून, मागे वळून न बघता, अंगणात गेली. नुहाने पेला एका घोटात संपवला आणि रेकॉर्डर सुरू केला.

"आता मोकळेपणाने बोला. इथे कुणी नाही."

"काय केलंत हे!" ताहानी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज रागाचा होता. "मला काय बोलायचंय? मला काही झालेलं नाही. तुमच्या यादीत मी नाव दिलं ते हिच्यासाठी!"

नुहाचा पाय हलायचा थांबला.

"रमजानपासून काखेजवळ गाठ आहे तिच्या. मी चुकून पाहिली. पोटच्या मुलाला, गालिबलासुद्धा सांगू देत नाही. धाकटीची सोयरीक झालीय, त्या आजाराचं नाव निघालं की मुलाकडचे परत जातील. मग मीच तिला म्हटलं, मला विचारायला बाई येतेय, तुम्ही नुसत्या शेजारी बसा. ती पोरगी बरी वाटली तर माझ्या नावावर काय ते विचारून घ्या. विचारतच होती ती! तुम्हीच म्हणालात, प्रश्न तिला नाही."

नुहाला लाज वाटली. ज्या बाईने तोंड उघडावं म्हणून ती गावोगाव हिंडत होती, तिलाच तिने गोड बोलून तिच्या घरातून उठवलं होतं. तिने रेकॉर्डर बंद करून पर्समध्ये टाकला आणि ती अंगणात गेली.

उम्म गालिब परात पुढ्यात घेऊन खारट, घट्ट चक्क्याचे गोळे वळत बसली होती. वळलेले गोळे फडक्यावर वाळत घातले होते, वर्षभराच्या जमीदची बेगमी. एका उजव्याच हाताने वळत होती. डावं कोपर बरगडीला चिकटून होतं.

"झालं एवढ्यात?"

"झालं."

नुहा तिच्या शेजारी जमिनीवरच बसली. विचारायच्या प्रश्नांतला एकही प्रश्न इथे बसणारा नव्हता. तिने बाह्या वर सारल्या आणि परातीत हात घातला.

"हा गोळा आहे की बटाटा?" जरा वेळाने म्हातारी म्हणाली.

"अम्मानमध्ये असाच वळतात."

"अम्मानमध्ये विकत घेतात. मला नको सांगू."

बाहेर हॉर्न वाजला, एकदा, दोनदा. नुहा हात न धुताच फाटकापाशी गेली. "वाजवू नका हो आता! अंधार पडला तरी चालेल. थांबा," तिने ओरडून सांगितलं आणि परत येऊन बसली. उम्म गालिबने तिच्याकडे पाहिलं नाही, पण परात तिच्या बाजूला थोडी सरकवली.

ताहानी दल्ला घेऊन आली. आधी पाहुणीला कॉफी दिली, मग सासूला. उम्म गालिबने पेला हातात धरला. धरून बसली. मग शेजारच्या दगडी पायरीवर तो हळूच ठेवला, भरलेला, आणि रस्त्याकडे बघत राहिली.

"गार होईल, आई," ताहानी म्हणाली आणि मग तिचं लक्ष पायरीवरच्या त्या भरल्या पेल्याकडे गेलं.

नुहाने हातातला गोळा परातीत ठेवला. स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या कॉफीचा पेला कोण यजमानीण असा खाली ठेवते?

"प्या, खाला," ती म्हणाली. "दिलं."

"अजून मागितलं कुठे मी?"

"तरी दिलं."

म्हातारी बराच वेळ बोटांना लागलेला चक्का खरवडत होती.

"बाई-डॉक्टर असते का अम्मानला?"

"असते. मी बरोबर राहीन. आमच्या घरी उतरा."

"तुझी ती बोलकी पेटी नको."

"नाही आणणार."

"आणि गावाला काय सांगायचं?" आता तिचा आवाज हलला. तिने तो लगेच खाकरून सरळ केला. "सांगेन, भाच्यासाठी मुलगी बघायला अम्मानला चालले. आज आली होती ना, तीच. सगळ्यांनी गाडी पाहिलीच आहे."

ताहानी रडता रडता हसली.

"आणि मग, परत आल्यावर?" नुहाने विचारलं.

"परत आल्यावर सांगेन, मुलगी पसंत नाही पडली." उम्म गालिबने पेला उचलला. "गोळासुद्धा वळता येत नाही."

आणि गार झालेली कॉफी ती प्यायली.