लंकाबाईचा आवाज

सोपानने रिकामी घागर मांडीवर घेतली, तिच्या तोंडाशी तोंड नेलं आणि लंकाबाईच्या आवाजात विचारलं, "आता मी काय म्हंते, दात घासायचं ते जेवायच्या आदी का मागनं?"

मान डावीकडे वळवून त्याने तात्याच्या जाड आवाजात उत्तर दिलं, "अगं, दोन्ही वेळा घासावेत."

मान पुन्हा उजवीकडे. "दोन येळा? मंग दात झिजून जात्याल की वो."

भिंतीपलीकडे शेजारीण छबूबाई खोकत खोकत हसली. सोपानने त्या ओळीपुढे पेन्सिलीने बारीक फुली मारली. छबूबाई हसली तर ओळ राहायची, नाहीतर जायची. घागरीतून आवाज कसा परत येतो ते ऐकलं की तो रेडिओवर कसा लागेल ते कळतं, हे त्याचं स्वतःचं शास्त्र होतं. पुण्याच्या स्टुडिओतल्या लोकांना त्याने ते कधी सांगितलं नव्हतं.

संगमनेरच्या पोस्टात तो कारकून होता. वय सेहेचाळीस, खोली एक, माणूस एक. दोन वर्षांपासून दर पंधरा दिवसांनी तो साहेबांची परवानगी काढून एसटीने पुण्याला जाई आणि आकाशवाणीवरच्या शेतकऱ्यांच्या कार्यक्रमासाठी दहा मिनिटांचा विनोदी संवाद करून येई. तात्याही तोच आणि लंकाबाईही तोच. लंकाबाई युरियाला खडीसाखर समजे, कोंबडीला लस टोचायला निघालेल्या डॉक्टरलाच कोंबडीचोर म्हणून कोंडून ठेवी, आणि तात्या तिला आणि तिच्यानिमित्ताने सगळ्या जिल्ह्याला शहाणं करी. त्या दुष्काळी सालात लोकांना हसायला दुसरं होतं तरी काय? गावोगावच्या चावड्यांवरून पंचायतीचे रेडिओ कर्ण्यावर लागत आणि लंकाबाई बोलायला लागली की माणसं हातातलं काम थांबवत.

आता एका दंतमंजनवाल्याने लंकाबाईला मागणी घातली होती. जाहिरातींच्या केंद्रावर, दिवसातून चार वेळा, वर्षभर. बुधवारी पुण्याला ध्वनिमुद्रण होतं. सोपान आठ दिवस जमिनीपासून चार बोटं वरून चालत होता.

रविवारची दुपार होती. दार उघडंच होतं, तरी कुणीतरी कडी वाजवली.

सोपानने वर पाहिलं. उंबऱ्याबाहेर भागिरथी उभी होती. नऊ वर्षांपूर्वी माहेरी कोल्हारला गेलेली आणि परत न आलेली त्याची बायको. रापली होती, वाळली होती, आणि हातात कापडी पिशवी होती.

तो घागर मांडीवर घेऊन तसाच बसून राहिला. मग घाईने उठला, घागर कोपऱ्यात ठेवली, गोधडीची घडी करून तिला बसायला टाकली.

"ये. बस. कोण आलंय बरोबर?"

तिने नकारार्थी मान हलवली आणि भिंतीला टेकून बसली. त्याने पाणी दिलं. ते तिने घटाघट पिऊन टाकलं, पण तोंडातून शब्द काढला नाही.

ती का गेली याची गावात दोन कारणं सांगितली जात. पोटी मूल नव्हतं हे एक, आणि सोपानची आई जिभेने तिखट होती हे दुसरं. सोपानही आईलाच दोष देई. चार वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा त्याने कोल्हारला पत्र टाकलं. आता घरात कुणी बोलणारं नाही, असं त्यात लिहिलं होतं. तरी ती आली नाही. तेव्हापासून तो कोड्यात पडला होता. संध्याकाळी पोस्टातून आलं की खोली खायला उठे. अशाच एका संध्याकाळी स्टोव्ह पेटवताना तो सहज भागिरथीच्या आवाजात म्हणाला, "आता मी काय म्हंते, भाकर टाकू का?" आणि त्या दिवशी त्याला दोन घास जास्त गेले. लंकाबाई जन्माला आली ती अशी. रेडिओ वगैरे सगळं मागाहून आलं. कोल्हारच्या चावडीवरही कर्णा आहे, हे मात्र पहिल्या दिवसापासून त्याच्या मनात होतं. ती ऐकेल, ओळखेल, पदराआड हसेल, असं त्याला वाटे. दर खेपेला तो ते संवाद एक प्रकारे तिच्या पत्त्यावरच टाकत होता.

म्हणून आज तिला पाहून त्याला वाटलं, पोचलं.

"तुझ्या गावात ऐकू येतं ना नीट?" त्याने स्टोव्हला पंप मारत विचारलं. "आता तर जाहिरातीतही येणार. दिवसातून चार वेळा."

"चार येळा?" भागिरथी पहिल्यांदा बोलली.

"सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा. वर्षभर."

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. बोलण्याआधी तिने आवंढा गिळला. ही तिची लहानपणापासूनची सवय होती. लंकाबाईही तसाच गिळत असे.

"आता मी काय म्हंते," भागिरथी म्हणाली, "आपन दोगांनी बसून जरा..."

पुढचं राहून गेलं. भिंतीपलीकडून छबूबाईचं हसू फुटलं. नुसतं फुटलं नाही, ते उठून दारापर्यंत आलं. डोळे पुसत छबूबाई आत डोकावली.

"सोपानराव, आज तर हद केली तुमी. अगदी बाईच बसल्यावानी..." खोलीत खरंच बाई बसलेली पाहून ती थबकली. मग तिचा चेहरा आणखीच खुलला. "अगबाई, तुमी व्हय? मला वाटलं सोपानरावच. लई हुबेहूब काढता वो बाई तुमी लंकाबाई. तुमी बी रेडिओत असता का? म्हना की अजून येकदा. तेवढं 'आता मी काय म्हंते' म्हना."

छबूबाईच्या मनात काडीचं पाप नव्हतं. आवडीची माणसं घरात आल्यावर माणूस जसं हरखतं तशी ती हरखली होती.

भागिरथीने पदर तोंडाला लावला. छबूबाईला वाटलं, लाजली.

"पाहुण्या आहेत, छबूबाई," सोपान कसाबसा म्हणाला. "मग या."

ती हसत गेली. स्टोव्हवरचा चहा उतू गेला आणि ज्योत फरफरली. सोपानने स्टोव्ह बंद केला.

"असं हाय," भागिरथी पदराआडूनच म्हणाली. आवाज तिने इतका खाली आणला होता की सोपानला पुढे वाकावं लागलं. "खडीच्या कामावर दीडशे बाया हायेत. मी तोंड उगडलं की हसत्यात. मुकादम हसतो. पानी मागितलं तरी हसतो. दोन म्हैनं झालं, मी बोटानं खुनावते. लोकं म्हनत्यात भागिरथी मुकी झाली."

"त्यांना काय माहीत ती तू आहेस म्हणून? मी कुठे नाव घेतलंय?"

"नाव कशाला पायजे?"

सोपानने कपात चहा गाळला.

"मी काही वाईट म्हणून नाही केलं," तो म्हणाला. "तुझी आठवण..."

"ठावं हाय."

चहाकडे तिने पाहिलंही नाही.

"माजा बाप गेला तवा," ती म्हणाली, "मी दहाव्याहून परत आले. चार दिसांनी तुमचं पाव्हनं जेवाया आलं. बाहेर तुमी समद्यांच्या नकला करत हुता. वान्याची केली, तलाठ्याची केली. मंग माजं रडनं केलं. बापाच्या नावानं मी कशी हेल काढून रडले ते. समदं हसलं. मी आत भाकऱ्या थापीत हुते."

सोपानला ती पंगत आठवत होती. खरं तर चांगलीच आठवत होती, कारण त्या दिवशी पाहुण्यांपैकी एकजण म्हणाला होता, तू रेडिओत जायला पाहिजेस. ती शाबासकी त्याने इतकी वर्षं जपून ठेवली होती.

"तू पण हसली होतीस," तो म्हणाला. "मी पाहिलं. भाकरी वाढायला आलीस तेव्हा तू हसत होतीस."

"समदे हसत हुते. मी येकलीच कशी न हसता वाढू?"

ती पंगत झाल्यावर महिनाभरात ती माहेरी गेली होती. सोपानने मनात ते दिवस मोजले, पुन्हा मोजले. नऊ वर्षं त्याने आईला बोल लावला होता, ती मेल्यावरही.

"म्हणून गेलीस?"

भागिरथी उठली. पिशवीचे बंद तिने मनगटाभोवती घेतले.

"तेवडी लंकाबाई बंद करा. दुसरं काय बी मागाया आले न्हाई."

बंद करतो, असं त्याला लगेच म्हणता आलं नाही, आणि याची त्याला स्वतःचीच शरम वाटली. पण खरं ते खरं. लंकाबाई गेली की या खोलीत संध्याकाळी बोलणार कोण? ही समोर उभी असलेली बाई राहायला आलेली नव्हती, हे त्याला कळत होतं. दोन्हीकडून तो रिकामा होणार होता.

"स्टँडपर्यंत येतो," तो म्हणाला.

"नगा. तुमी संगं असला तर वाटंत बोलाया लागंल."

ती गेली. चौकातून ती साडेचारच्या गाडीकडे वळली तोवर तो दारात उभा होता. छबूबाईने भिंतीपलीकडून विचारलं, "गेल्या का पाव्हन्या?" तो म्हणाला, "गेल्या."

सोमवारी आणि मंगळवारी छबूबाईला भिंतीआडून काहीच ऐकू आलं नाही. तिला वाटलं, घसा बसला असेल.

बुधवारी पुण्यात दंतमंजनवाल्याचा माणूस बाहेरच्या बाकावर वाट पाहत बसला होता. सोपानने त्याच्या हातात नवा कागद दिला. त्यात लंकाबाई नव्हती, तात्याही नव्हता. एकच माणूस सरळ बोलत होता की हे मंजन चांगलं आहे, मी वापरतो. त्या माणसाने कागद उलटून मागे काही लिहिलंय का ते पाहिलं.

"लंकाबाई कुठाय?"

"गेली."

"कुठे गेली?"

"आता येणार नाही ती. मी माझ्या आवाजात करतो. पटलं तर घ्या."

माणसाचं तोंड आंबट झालं, पण स्टुडिओची वेळ ठरलेली होती आणि ती फुकट घालवण्यापेक्षा ऐकून तरी बघू, असा विचार त्याने केला असावा. सोपान आत गेला. जाड दार मागे लागलं. काचेपलीकडे बसलेल्या ध्वनिमुद्रकाने ओळखीचं हसून हात वर केला. दोन वर्षांत पन्नासेक वेळा त्याने लंकाबाई ऐकली होती आणि अजूनही तो तिला हसे.

"बोला काहीतरी," त्याचा आवाज भिंतीवरच्या स्पीकरमधून आला. "आवाज बघू."

सोपानने तोंड उघडलं. सवयीने आवंढा घशापर्यंत आला. तो त्याने तिथेच थांबवला. मान डावीकडे नाही, उजवीकडे नाही, समोर धरली.

"मी सोपान," तो म्हणाला. "राहणार संगमनेर. पोस्टात कामाला आहे. घरी एकटाच असतो."

काचेपलीकडे ध्वनिमुद्रकाने कानावरचं यंत्र जरा दाबून धरलं. कपाळाला आठी घातली. कुठलं तरी बटण फिरवून पाहिलं, परत पहिल्या जागी आणलं.

"हा कोणाचा काढलाय?" त्याने विचारलं. "नवीन दिसतोय. अजून नीट बसला नाही हो तुमच्यात. जरा खोटा वाटतोय."

सोपानने मान डोलावली. तो मायक्रोफोनच्या आणखी जवळ सरकला आणि पुन्हा पहिल्यापासून आपलं नाव सांगू लागला.